बाबा कापूस पेरायचे

वाक्य पाच-सहा शब्दांचंच होतं. भाची छपरीत बसून फ्रेंचच्या ऑनलाईन क्लासचा निबंध लिहीत होती, विषय जगातल्या सगळ्या भाषांच्या क्लासमध्ये देतात तोच, 'मी लहान होते तेव्हा'. लाईन नुकतीच गेलेली, मोबाईलच्या टॉर्चखाली वही, टॉर्चवर किडे, आणि मागून दादा वावरातून येऊन, हातपाय धुऊन, टॉवेलनं मान पुसत उभा. वहीत त्याला काहीच कळत नव्हतं तरी तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "माह्याबद्दल काय लिवलं वं?" तिनं बोट ठेवून वाचलं, मों पेर क्युल्तिव्हे द्यु कोतों. "मंजे?" "मंजे बाबा कापूस पेराचे." दादानं टॉवेल खांद्यावर टाकला. "पेराचे? अन् मंग आता काय करतो मी? कीर्तन?" वहिनी आतून चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "पोरीनं पेन्शनीत काढलं तुमाले." हसलो सगळे. दादाही हसला. पण जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता पुन्हा म्हणाला, अजून दोन वेचे बाकी हायेत म्हणा तुह्या मास्तरनीले.

मला ते वाक्य काही केल्या सोडेना.

तसं मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, काळ, वचन, विभक्ती हे सगळं फळ्यावर लिहून लिहून खडूनं बोटं फुटली, त्यामुळे व्याकरणाची चूक लगेच डोळ्यात जाते. आणि इथं चूकच नव्हती. मॅडमनं तपासून दिला तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ नव्हती. व्याकरण बरोबर, मुलीच्या मनात काही वावगं नाही, तरी घरातला एक माणूस त्या वाक्यात जिवंतपणी मागं राहून गेला, हे कसं काय झालं ते बघायला म्हणून मी तिच्या क्लासच्या वेळेला एक कान देऊन बसायला लागले, आणि मग दोन्ही कान.

भाची नागपूरला नर्स आहे. तिच्या सोबतच्या पोरींनी तिच्या डोक्यात कॅनडा घातला. तिकडं पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवानगीसाठी, इंग्रजीसोबत फ्रेंचचे मार्क असले की फायदा होतो, 2023 पासून तर फ्रेंचवाल्यांच्या निवडीचे ड्रॉच वेगळे निघायला लागले, त्यामुळे आता नागपूर-अमरावतीच्या पोरी नाईट ड्युटी करून सकाळी टेफ नावाच्या परीक्षेची तयारी करतात. दिवाळीत ही गावाला आली तर फ्रेंचही बॅगेतून सोबत आलं. नेटवर्क फक्त घराच्या धाब्यावर मिळतं, तर ही शाल गुंडाळून धाब्यावर, बाजूला वाळत घातलेल्या मिरच्या, आणि फोनमधून पुद्दुचेरीच्या मॅडमचा आवाज, ज पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले. खाली गोठ्यात बैलं कान टवकारून उभी.

दादाच्या वाक्यातल्या त्या भूतकाळाचं नाव अँपार्फे. म्हणजे अपुरा राहिलेला. बनवायची रीत मात्र इतकी सोपी की मला हेवा वाटला. कोणतंही क्रियापद घ्यायचं, वर्तमानकाळात 'आम्ही'सोबत ते कसं येतं ते बघायचं, त्याच्या शेवटचं ओ-एन-एस कापायचं आणि उरलेल्या बुडख्याला नवीन शेपट्या लावायच्या, ए-आय-एस, पुन्हा ए-आय-एस, ए-आय-टी, आय-ओ-एन-एस, आय-ई-झेड, ए-आय-ई-एन-टी. बोलणं, पिणं, घेणं, संपवणं, सगळ्यांना हाच नियम. वर्तमानकाळात जी क्रियापदं नाकी नऊ आणतात ती इथं आल्यावर गुपचूप रांगेत बसतात. अपवाद एकच, 'असणे', कारण त्याच्या 'आम्ही'च्या रूपाला शेवटी ओ-एन-एस नाहीच, मग त्याला स्वतःचा वेगळा बुडखा, जेते, त्यु एते, इल एते. आणि पाऊस पडणे. पाऊस 'आम्ही' पडत नाही ना! ते क्रियापद फक्त 'तो'सोबतच चालतं, तर सरळ इल प्लव्हे, पाऊस पडत होता, एवढंच पाठ करायचं. भाचीनं ते सगळ्यात आधी पाठ केलं. शेतकऱ्याची पोर आहे.

बारीकसारीक त्रास आहेतच. 'खाणे'मध्ये जी चा उच्चार झ सारखा मऊ ठेवायचा म्हणून मधे एक फालतू ई ठेवावा लागतो, पण 'आम्ही' आणि 'तुम्ही'ला तो ई लागत नाही कारण पुढे आय आहेच. 'अभ्यास करणे'ला 'आम्ही' लावलं की दोन आय शेजारी शेजारी, बघणाऱ्याला वाटतं पोरीचा हात अडखळला. आणि लिहायला सहा शेपट्या असल्या तरी मी, तू, तो आणि ते या चौघांचा उच्चार एकच. पार्ले, पार्ले, पार्ले, पार्ले. कानाला कळतच नाही की कोण बोलायचं, मी का ते सगळे. वहिनीला हे फार आवडलं. ती म्हणे, बरंय, कोण काय बोलत होतं त्याची भानगडच नाही. या शेपट्यांमध्ये पूर्वी ए-आय नव्हतं, ओ-आय लिहायचे. त्यांचा लेखक व्हॉल्तेअर ए-आय लिहा म्हणून मागं लागला होता, तो गेला, आणि त्यांच्या अकादमीनं 1835 च्या शब्दकोशात ते मान्य केलं. उच्चार बदलून जमाना झाला तरी लिखाण जुनंच, हे वाचून मला आमचे ऱ्हस्वदीर्घ आठवले आणि थोडं बरं वाटलं, दुसऱ्याच्या घरीही हेच चालतं म्हणून.

पण रूपं सोपी, वापर अवघड. मॅडमनं सांगितलं ते असं, की घडलेली गोष्ट, सुरू होऊन संपलेली, ती एका काळात सांगायची, त्याला म्हणतात पासे काँपोझे. आणि त्या वेळी जे चालू होतं, नेहमी व्हायचं, हवा कशी होती, घर कसं होतं, माणसं कशी होती, ते अँपार्फेमध्ये. पाऊस पडत होता, अँपार्फे. बस आली, पासे काँपोझे. टेफच्या लेखी पेपरात एका बातमीची सुरुवात देतात आणि पुढचं आपण लिहायचं असतं, तिथं दोन्ही काळ नीट विणता आले पाहिजेत. आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. मोजलेला काळ आला की अँपार्फे चालत नाही. 'तीन दिवस पाऊस पडला', 'दहा वर्षं तिथं राहिलो', कितीही लांबलचक असो, आकडा आला म्हणजे दोन्ही टोकं बांधली गेली, मग पासे काँपोझे. अँपार्फे म्हणजे धुरे नसलेलं वावर. आत काय उभं आहे ते दिसतं, कुठून सुरू आणि कुठं संपतं ते नाही.

त्या रात्री मला आमची शकुंतला आगगाडी आठवली. आम्ही यवतमाळ-मूर्तिजापूर लाईनवरचे, दारव्ह्याकडचे. गाडीचा हिशोब मांडायचा तर मांडता येतो, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन, ते 1994 मध्ये निघालं, डिझेल आलं, पुढे कधीतरी तेही बंद. ही झाली पासे काँपोझेवाली शकुंतला. पण गावात कोणालाही विचारा, तो असं सांगतच नाही. तो म्हणतो गाडी ये ना, इतकी हळू ये की पोरं उतरून लघवी करून पुन्हा चढत. टीटी ओळखीचा राहे. कोळशाचे कण डोळ्यात जाये आणि माय पदराच्या टोकानं काढे. शेवटची गाडी कोणत्या तारखेला गेली हे मी आमच्या पारावर विचारून पाहिलं, एकालाही सांगता आलं नाही, दोघं तर त्यावरून भांडले. ती येणं बंद झाली हे घडलंच नाही जणू, ती फक्त यायची. रुळात आता बाभळी आहेत, त्या बाभळींना बांधलेल्या शेळ्या आहेत, तरी सांगणाऱ्याच्या तोंडात गाडी अजून कारंज्याकडून येऊन राहिली असते.

हे 'येऊन राहिली' पण बघा. पुण्यामुंबईची माणसं आमच्या या राहण्यावर किती हसतात. काय करून राहिला, कुठं जाऊन राहिला. मी स्वतः मास्तरीण म्हणून पोरांच्या वह्यांमध्ये ते खोडत आले, कारण पुस्तकात 'करत आहे'. पुस्तकात 'मी शाळेत जात असे' असं एक वाक्य होतं रीतिभूतकाळाचं, आणि वर्गातलं एकही पोरगं घरी 'जात असे' म्हणत नव्हतं. ते म्हणत, आमी जाओ, माय म्हणे, बुढा सांगे. अँपार्फे ऐकताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की फ्रेंचला जिथं एकच रूप आहे तिथं आमच्या वऱ्हाडीत दोन वेगळी खणखणीत रूपं आहेत. पाऊस ये, म्हणजे दरवर्षी यायचा, नेहमीचा. पाऊस येऊन राहिला होता, म्हणजे त्या वेळी, त्या क्षणी चालू होता. फ्रेंच माणूस दोन्हीला इल प्लव्हे म्हणतो आणि बाकीचं संदर्भावर सोडतो. मी धाब्यावर बसून भाचीला म्हटलं, तुझ्या मॅडमला सांग आमच्याकडं हे जास्त बारीक आहे. ती म्हणाली, आत्या, प्लीज, क्लास सुरू आहे.

आईचं मात्र मी कधी आकड्यात आठवू शकले नाही. ती कधी जन्मली याचा दाखलाच नव्हता, महापुराच्या साली का त्याच्या पुढच्या, यावर घरात एकमत नव्हतं. ती वेचायची. कंबरेला ओटी बांधून, पहाटेचं दव वाळल्यावरच, कारण दवाचा कापूस वजनाला भरतो पण केंद्रावर ग्रेडर हात घालूनच ओळखतो. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा सोललेल्या असायच्या, संध्याकाळी तिखट कालवताना ती डाव्या हातानं कालवायची. घरात मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस, आम्ही पोरं त्यावर उड्या मारायचो, त्यातच झोपायचो, ऊब अशी की गोधडी लागायची नाही, आणि सकाळी अंगभर खाज, लाल पुरळ, त्यावर ती खोबरेल चोळायची आणि शिव्या द्यायची, दोन्ही एकदम. एकाधिकार खरेदीचा जमाना, म्हणजे कापूस सरकारच घेणार, आमचे बाबा बैलबंडी भरून जिनिंगवर जायचे, बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत, दोन दोन रात्री बंडीखालीच झोपायचे, आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात पडायला पुढचा सण उजाडायचा. हे सगळं लिहिताना बघा मी कोणत्या काळात लिहिते आहे. एकदाही मला 'आई गेली' लिहावं लागलं नाही. ते वाक्य दुसऱ्या काळातलं, त्याला तारीख आहे, तेराव्याची पत्रिका आहे. अँपार्फेमध्ये शिरलं की ते दाराबाहेर राहतं, आणि मला कबूल करायला हरकत नाही की म्हणूनच हा काळ मला इतका आवडायला लागला, आणि म्हणूनच त्याचा थोडा रागही येतो. फार गोड बोलतो तो. बंडीखाली झोपलेल्या बाबांची थंडी, चुकाऱ्याच्या नादात फिरलेलं व्याज, हे सगळं 'असायचं'च्या मऊ कापसात गुंडाळून देतो.

एक गंमत मात्र आहे. हा काळ दरवेळी जुनं बोलतो असंही नाही. फ्रेंच माणसाला अदबीनं काही मागायचं असलं की तो अँपार्फेमध्ये मागतो, 'मला तुम्हाला विचारायचं होतं', आणि विचारायचं तर आत्ताच असतं. मॅडम हे समजावत होत्या आणि क्लासमधली दिल्लीकडची पोरं गोंधळली होती, भाची मात्र हसली. आमच्या कृषी केंद्रावर सकाळी उभं राहा. "भाऊ, दोन बॅगा पाह्यजे होत्या." होत्या म्हणजे? आता नकोत? सोसायटीत जाऊन बघा, "साहेब, कर्जाचं विचाराचं होतं." एवढंच काय, गावात कोणी दारात येऊन "जरासं काम होतं" म्हणालं की वहिनी लगेच चहा ठेवते, कारण ते काम अजून व्हायचंय हे तिला माहीत असतं. एक पाऊल मागं सरकून मागायचं, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. शेतकऱ्याला हे व्याकरण शिकवावं लागत नाही.

तर दादाचं वाक्य. भाचीनं शेवटी मॅडमला विचारलंच. मॅडम म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, 'मी लहान होते तेव्हा' म्हटल्यावर त्या वेळचं चित्र एवढंच होतं, आज ते पेरतात की नाही याबद्दल वाक्य काहीच बोलत नाही. बोलायचं असेल तर वेगळं सांग. आणि वेगळं सांगायची सोय आहे, दप्युई नावाचा शब्द लावायचा आणि चक्क वर्तमानकाळ वापरायचा, 'बाबा तीस वर्षांपासून कापूस पेरतात'. आकडा आहे तरी टोक उघडं, कारण गोष्ट चालू आहे. दादाला ते वाचून दाखवलं तर त्याचं समाधान झालं असावं, कारण तो लगेच तपशिलात शिरला, पेरत नाही म्हणा, टोबतो, सरकी टोबतात, पेरतात ते सोयाबीन. त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते तिला सापडलं नाही, नेट पण गेलं होतं.

पण पुस्तकात त्याच्या पुढचाच स्वाध्याय होता. दप्युई अँपार्फेसोबत. मागं कधीतरी एखादी गोष्ट बऱ्याच दिवसांपासून चालू होती आणि मधे काहीतरी घडलं, ते कसं जोडायचं. चालू होतं ते अँपार्फे, घडलं ते पासे काँपोझे. पाच वाक्यं स्वतःच्या मनानं करा असं होतं. चौथं तिनं असं केलं, मों पेर क्युल्तिव्हे द्यु कोतों दप्युई त्रांत आं काँ ज स्वी पार्ती. बाबा तीस वर्षांपासून कापूस पेरत होते जेव्हा मी गेले. मी बाजूला बसून शेंगा सोलत होते, तिनं वाचलं आणि लगेच पाचव्यावर गेली, पाचवं कुत्र्याबद्दल होतं. बाईनं लिहिलं म्हणून 'पार्ती'ला शेवटी एक ई जास्तीचा लावायचा असतो, तो तिनं बरोबर लावला होता. सगळंच बरोबर होतं. व्हिसा नाही, परीक्षेची तारीख नाही, अजून पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकलेलं, आणि पोरीनं वहीत जाऊनही दाखवलं. मला अभिमान वाटला, खरंच वाटला, आमच्या घरातली मुलगी दोन काळ एका वाक्यात इतके सफाईनं जोडते म्हणून. आणि त्याच वेळी असं वाटलं की वही ओढून घ्यावी. दादाला ते वाक्य कोणी वाचून दाखवलं नाही. त्यानंही विचारलं नाही, तो बाहेर फवारणीचा पंप उघडून बसला होता, नोझलमध्ये काडी घालून.

मी तिला कधी अडवलं नाही, अडवणारही नाही. इथं काय आहे तिला? नागपूरचा पगार, बारा तासांची ड्युटी, आणि गावात आलं की लग्नाचं कधी करतेस. माझ्या वर्गातल्या किती हुशार पोरी मी दहावीनंतर शेणाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन जाताना बघितल्या. जावं तिनं. फक्त जाणारी माणसं जायच्या आधीच मागच्या घराचं अँपार्फे करून टाकतात, चांगलं, मायेनं, पण करून टाकतात, छपरी होती, बैल होते, बाबा पेरायचे. आणि मागं राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा वर्तमानकाळात पंप पाठीवर घेतो. दोघंही खरंच बोलत असतात. दादाला जे खटकलं ते हेच असणार, तो फक्त कीर्तनाचा विनोद करून मोकळा झाला.

सुट्टीच्या शेवटी शेवटी मॅडमनं अँपार्फेचा अजून एक वापर सांगितला. सी. म्हणजे 'जर'. त्याच्या मागं अँपार्फे आला की भूतकाळ वगैरे सगळं सुटतं, ते होतं नुसतं मनातलं, 'पाऊस आला तर', 'पैसे असते तर'. दादानं यावर ताबडतोब आठ-दहा वाक्यं सुचवली, भाव असता तर, डीएपी खत मिळालं असतं तर, बोंडअळी नसती तर, भाचीची वही पुरेना, आणि त्यातली अर्धी वेगळ्याच काळात जातात म्हणून ती चिडली. आणि सी लावून नुसता प्रश्न सोडला तर ते आमंत्रण होतं, 'जाऊ या का?' तेही अँपार्फेमध्येच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ती मोठ्यानं म्हणाली, सी ओं आले ओ शां? दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, वावरात जाऊ का म्हणते. वेचायला बाया कमीच होत्या त्या दिवशी, रोजी वाढवून मागत होत्या. दादा म्हणाला, "चाल ना मंग, पण ते नेलपॉलिश काढ आधी, अन् फुल बाह्याचं काही घाल, बोंडं लय ओरबाडतात." वहिनी डब्यात भाकरी बांधायला उठली, मी जुन्या पेटीतून दोन ओट्या काढल्या.